भरून पावलो

जुन्या दप्तरांतील कागद चाळणाऱ्यास ‘भरपाई’ हा शब्द पावलोपावली भेटतो. देणे पुरते फिटले म्हणजे धनकोने ऋणकोस जी पावती लिहून द्यावयाची, तिचे नाव भरपाई. आणि तिच्यातील मुख्य शब्द दोनच, ‘भरून पावलो’. पुढे बोलभाषेने याच दोन शब्दांना निराळे वळण दिले. एखाद्या गोष्टीचा पुरता वीट आला, की आपण हात जोडून म्हणतो, “बाबा रे, भरून पावलो!” देणे फिटल्याचे समाधान आणि जीव विटल्याची कबुली ही दोन्ही एकाच शब्दप्रयोगात कशी नांदतात, याचे मला पूर्वी कौतुक वाटे. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात साडेचार वर्षे ये-जा केल्यानंतर ते कौतुक उरले नाही. भाषा घडविणाऱ्या आपल्या पूर्वजांनी न्यायालये पाहिली होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

हकीकत थोडक्यात अशी. २८ फेब्रुवारी २०१८, होळीचा आदला दिवस. नवापूरकडील परीक्षेचे काम आटोपून मी नंदुरबारला परतत होतो. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग कोंडाईबारीच्या घाटास लागण्यापूर्वी विसरवाडी हे गाव येते आणि तेथून नंदुरबारचा रस्ता फुटतो. एस. टी. चुकली म्हणून मी तेथे एका काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसलो. गुजरातेत बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीसाठी गेलेली माणसे त्या दिवशी घरी परतत होती. सातपुड्यातील भिल्ल-पावरा मंडळींना होळी हा वर्षाचा सण. त्या दिवशी माणूस कोठेही असो, तो घराची वाट धरतोच. माझ्या शेजारी धडगावकडचा एक तरुण मजूर बसला होता, पलीकडे त्याची बायको आणि तिच्या मांडीवर धाकटे मूल. एका वळणावर पुढच्या वाहनास मागे टाकण्याच्या घाईत समोरून एक अवजड मालमोटार आली आणि आमच्या जीपची एक बाजू कापीत गेली. माझ्या उजव्या मांडीचे हाड मोडले. शेजारचा मजूर जागच्या जागी गेला. त्याच्या व माझ्या बसण्यात वीतभर अंतर होते.

एकाच अपघातातून अशा रीतीने दोन दावे निघाले, आणि ते नंदुरबारच्या एकाच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालले. पोलिसांची खबर एक, पंचनामा एक, मालमोटारही एकच. मालमोटारीच्या विमा कंपनीने दोष जीपवाल्यावर ढकलला, जीपच्या कंपनीने तो मालमोटारीवर परतविला. सुदैवाने हा चेंडूफळीचा खेळ प्रवाशाच्या अंगावर शेकत नाही. दोन चालकांच्या संयुक्त निष्काळजीपणामुळे तिसऱ्यास इजा झाली, तर त्याने दोहोंपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम वसूल करावी आणि त्या दोघांनी आपसातला हिशेब मागाहून करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे दोष कोणाचा, हा प्रश्न आमच्यापुरता गौण ठरला. प्रश्न राहिला तो किमतीचा.

सुरतेच्या रुग्णालयात मांडीत सळई बसविल्यावर चार महिने मला अंथरुण धरावे लागले. त्या दिवसांत या कायद्याची वंशावळ मी वाचून काढली. इंग्लंडात १८०८ साली एक प्रसिद्ध खटला झाला. भाड्याची घोडागाडी उलटून एक गृहस्थ व त्याची पत्नी जखमी झाली आणि महिनाभराने पत्नी वारली. लॉर्ड एलेनबरो यांच्यापुढे त्या गृहस्थास स्वतःच्या मुक्या मारासाठी आणि पत्नी जिवंत होती तेवढ्या दिवसांसाठी भरपाई मिळाली. तिच्या मृत्यूबद्दल मात्र काही मिळाले नाही. मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानीच नव्हे, असा त्यांचा दंडक होता. या न्यायाने मालमोटारवाल्यास माझ्या मांडीबद्दल पैसे मोजावे लागले असते आणि शेजारच्या जिवाबद्दल दिडकीही नाही.

त्याच देशात आणखी एक चाल होती. ज्या वस्तूमुळे मृत्यू घडे, ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जमा होई. २४ डिसेंबर १८४१ रोजी रेडिंगजवळ सॉनिंग येथे मालगाडीला जोडलेल्या उघड्या डब्यांतून मजूर नाताळासाठी घरी निघाले असता, रुळांवर कोसळलेल्या दरडीवर गाडी आदळून नऊ जण दगावले. पंचांनी त्या इंजिनावर व डब्यांवर १,००० पौंडांचा भार बसविला. पण तो भार म्हणजे मृतांच्या घरचा चरितार्थ नव्हे. सणासाठी घरी निघालेले मजूर आणि त्यांच्या वाट्याला येणारी मालाची जागा, हे चित्र आमच्या रस्त्यांवर वावरणाऱ्यास परके वाटणार नाही. १८४६ मध्ये ती चाल रद्द झाली आणि त्याच वर्षी लॉर्ड कॅम्बेल यांच्या कायद्याने मृताच्या बायकामुलांना दाव्याचा हक्क दिला. आपल्याकडे तो हक्क १८५५ च्या कायद्याने आला. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली आणि आज चालतो तो कायदा १९८८ चा.

हक्क मिळाला, तरी त्याचे माप ठरण्यास आणखी बराच काळ गेला. पूर्वी दर न्यायाधिकरणाचे माप निराळे असे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सरला वर्मा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात वयानुसार गुणकांचे कोष्टक घालून दिले आणि २०१७ मध्ये ‘प्रणय सेठी’ या निकालाने त्यात भर घातली. रीत शाळकरी मुलास समजेल इतकी सोपी आहे. मृताची मासिक मिळकत घ्यावी, तीत भविष्यातील वाढीचा अंश मिळवावा, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा अंश वजा करावा, बाराने गुणावे आणि मग वयाच्या गुणकाने गुणावे.

माझ्या शेजाऱ्याचे वय ३२, म्हणून गुणक १६. मिळकतीचा कागद नाही, म्हणून न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना ६,००० रुपये धरले. चाळिशीच्या आतील स्वतंत्र कष्टकऱ्यासाठी ४० टक्के वाढ मिळवून ते ८,४०० झाले. मागे बायको, तीन मुले व वृद्ध बाप असे पाच जण अवलंबून, म्हणून एक चतुर्थांश वजा जाऊन ६,३०० उरले. वर्षाचे ७५,६०० आणि सोळा पटीने १२,०९,६००. अंत्यसंस्कार, सहवासहानी इत्यादींचे ठरीव ७०,००० त्यात मिळविले की हिशेब पुरा झाला.

हा हिशेब ऐकत असता माझ्यातील मास्तर जागा झाला आणि हातातल्या कागदाच्या पाठीवर मी स्वतःचे गणित मांडले. वीतभर इकडे तिकडे झाले असते तर? माझे वय तेव्हा ५२, गुणक ११. पगार महिना सुमारे १,००,०००. कायम नोकरीतील माणसास या वयात १५ टक्के वाढ, एक तृतीयांश स्वतःचा खर्च वजा. वर्षाचे ९,२०,००० आणि अकरा पटीने १,०१,२०,०००. प्राप्तिकराची वजावट सोडली तरी प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे होते. ज्याची उमेदीची तीस वर्षे बाकी होती, त्याच्या आठपटींहून अधिक किंमत, ज्याची निवृत्ती दृष्टिपथात आली होती त्याची! अँग्लो-सॅक्सन राजांच्या काळी वेसेक्स प्रांतात माणूस मारल्याचे मोल ठरलेले असे. साध्या कुळाचे २०० शिलिंग, सरदाराचे १,२००. वर्गात हे शिकविताना मुले हसत आणि मीही हसे. तेथे अंतर निदान सहापटींवर थांबले होते.

तथापि कायद्यावर अन्याय करू नये. त्याचे उत्तर तयार आहे आणि ते वजनदार आहे. आम्ही जिवाची किंमत करीत नाही, ती करणे मनुष्याच्या हाती नाही. त्याच्या जाण्याने घरात येणारे जे थांबले, तेवढेच आम्ही भरून देतो. हा युक्तिवाद मी मान्य करतो. परंतु तो मान्य केला की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. त्या घराचे थांबले ते काय, हे न्यायालयास कळले होते काय?

२०१९ च्या अखेरीस त्या बाईंची उलटतपासणी झाली. त्यांना मराठी जेमतेम समजे. माझा एक जुना विद्यार्थी आश्रमशाळेत शिक्षक आहे, तो पावरी बोलीतून भाषांतर करीत होता. विमा कंपनीच्या वकिलांनी सौम्यपणेच विचारले, “बाई, तुमच्या नवऱ्याला महिन्याचा पगार किती होता?” प्रश्न तिकडे गेला आणि उत्तर परत आले, “पगार नव्हता. कोयता होता.” वकिलांनी मान डोलावली. मिळकतीचा पुरावा नाही, एवढा अर्थ त्यातून निघाला आणि तो कागदावर गेला.

वस्तुतः त्या चार शब्दांत साऱ्या घराचा जमाखर्च होता. ऊसतोडीच्या धंद्यात कोयता म्हणजे हत्यार तर खरेच, परंतु मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. हंगामापूर्वी मिळणारी आगाऊ रक्कम, जिला उचल म्हणतात, ती जोडीला मिळते. टनावारी मजुरी जोडीच्या नावे मांडली जाते. पुरुष ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. जोडीतील एक गेला, की उरतो तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला तळावर सहसा कोणी विचारीत नाही. म्हणजे नवरा गेला त्या दिवशी बायकोचीही कमाई गेली. उचलीची बाकी मात्र पुरीच्या पुरी राहिली. न्यायालयीन गणितात एक कमावता वजा झाला होता. घरात दोन झाले होते आणि शिवाय एक कर्ज उभे होते.

हे मापात बसत नाही, असे कोणी म्हणू नये. गृहिणीच्या कामालाही एके काळी माप नव्हते. जमशेदपूर येथे १९८९ मध्ये लागलेल्या आगीत मृत्यू पावलेल्या गृहिणींच्या सेवेचे मूल्य महिना ३,००० रुपये धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरविले आणि तेव्हापासून तो विचार पुढेच गेला आहे. मिळकतीचा कागद नाही म्हणून किमान वेतनाच्या तळाच्या पायरीवरच थांबले पाहिजे असे नाही, हेही त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. जे माप स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले, ते उसाच्या फडापर्यंत पोहोचावयास हरकत नसावी. त्यासाठी मुकादमाची वही, कारखान्याची तोडीची पावती, तळावरच्या सोबत्याची साक्ष इतके न्यायालयापुढे ठेवणारा कोणी हवा.

पण रक्कम कमी पडली, याहून मोठी गोष्ट अशी की ती उशिरा आली. हंगामाला न्यायालयाची तारीख ठाऊक नसते. २०१८ च्या दिवाळीनंतर तो शिक्षक मला भेटला. बोलता बोलता म्हणाला, “सर, त्यांचा थोरला आठवीत होता ना, तो सुट्टीनंतर शाळेत आला नाही.”

“का बरे? आजारी आहे?”

“नाही, सर. आईबरोबर गुजरातेत गेला. कोयता अर्धा राहिला होता, तो त्यानं पुरा केला.”

तेरा वर्षांचा मुलगा! उचलीपायी माणसास राबविणारे कर्ज १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने रद्दबातल ठरते, हे मला ठाऊक होते. त्याच्या आईस ठाऊक नव्हते. आणि मुकादमास ते ठाऊक असून चालत नव्हते.

अशा प्रसंगी तातडीची मदत मिळावी, हे कायद्यास सुचले नव्हते असे नाही. १९८२ च्या दुरुस्तीने दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता मृत्यूबद्दल १५,००० रुपये देण्याची तरतूद झाली होती. तिची कसोटी आपल्याच महाराष्ट्रात लागली. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ पेट्रोलची टाकीगाडी व मालमोटार यांची टक्कर झाली. टाकीगाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उलटली, पेट्रोल सांडले आणि सुमारे चार तासांनी स्फोट होऊन भोवती जमलेल्यांपैकी काही जण होरपळून मेले. एका मृत मुलाच्या आईने ते १५,००० मागितले. स्फोट हा मोटारीच्या ‘वापरातून’ झालेला अपघातच नव्हे, असे म्हणून न्यायाधिकरणाने तिला नकार दिला. उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय केला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे १९९१ मध्ये तो निर्णय कायम झाला. उलटून पडलेली गाडीही वापरातच असते, हा फार मोलाचा सिद्धान्त त्यातून देशास मिळाला. तातडीच्या १५,००० रुपयांचा वाद मिटण्यास मात्र जवळजवळ चार वर्षे लागली. आमच्या प्रकरणात ही रक्कम ५०,००० झाली होती आणि ती अपघातानंतर चौदा महिन्यांनी मिळाली. मधल्या काळात एक दिवाळी येऊन गेली होती.

१ एप्रिल २०२२ पासून कायदा पुष्कळ बदलला आहे. दोष सिद्ध न करता मृत्यूस ५ लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख, वाहन पळून गेल्यास अनुक्रमे २ लाख व ५०,००० अशी सोय झाली. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक व ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा आणि तो अहवालच दाव्याचा अर्ज समजता यावा, असा नियम आला. हे सारे स्वागतार्ह आहे. पण त्यात एक खोच आहे. जो ते ५ लाख ठरल्या रीतीने स्वीकारील, त्याचा न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. ज्याच्या घरी दरमहा वेतन येते तो थांबू शकेल. ज्याचा कोयता मोडला आहे तो थांबणार नाही. दाव्यास सहा महिन्यांची मुदतही त्याच वेळी घातली गेली. ती मुदत आव्हानित झाली आणि केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरी शहाण्याने सहा महिनेच हाती आहेत असे समजून चालावे.

माझ्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी कामाला येणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या वा वर्गात बसणाऱ्या कोणाचे तरी माणूस केव्हा ना केव्हा रस्त्यावर जाते. त्या वेळी आपण हळहळतो आणि शक्य तर चार पैसे देतो. त्याबरोबर चार गोष्टी सांगाव्यात. अपघात गुजरातेत झाला असला तरी दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येतो. स्त्रियांना व अनुसूचित जमातींच्या माणसांना १९८७ च्या कायद्यान्वये मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल व विम्याचा कागद यांच्या नकला पहिल्या आठवड्यातच मागाव्यात. आणि मिळकतीची जी काही चिठ्ठीचपाटी घरात असेल, ती चुलीत जाऊ देऊ नये. यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. लिहिता-वाचता येणारा एक माणूस आणि त्याच्या चार दुपारी लागतात.

आमचा निकाल २०२२ च्या अखेरीस लागला. माझ्या मांडीबद्दल मला रुग्णालयाची बिले, बुडालेला पगार व यातना मिळून ५ लाख ४० हजार मिळाले आणि मी ते घेतले. त्या बाईंची रक्कम व्याजासह पुढील वर्षी जमा झाली. अशिक्षित वारसांचे पैसे कोणी लुबाडू नये म्हणून बराचसा भाग बँकेत मुदतीने ठेवला गेला. ही काळजीही सर्वोच्च न्यायालयानेच फार पूर्वी घालून दिलेली आहे आणि ती योग्य आहे. हाती आला त्यातून त्यांनी प्रथम उचलीची बाकी फेडली, मग वनहक्काच्या दोन एकरांसाठी बैलजोडी घेतली. त्या वर्षीपासून ऊसतोड सुटली. धाकटी दोघे शाळेत जातात. थोरला तेव्हा अठराचा होता; त्याच्या नावे ठेवलेला हिस्सा त्यास मिळाला, आठवीचे वर्ष मिळाले नाही.

तेव्हा भरपाई झाली नाही असे मी म्हणणार नाही. एक घर फडातून आपल्या मातीवर आले, ही लहान गोष्ट नव्हे, आणि ती त्याच संथ, रुक्ष, तारखांनी भरलेल्या कारभाराने घडविली. पण तीच रक्कम, किंबहुना तिचा चौथा हिस्सा, पहिल्या दिवाळीपूर्वी त्या घरी पोहोचता, तर त्या मुलाने कोयता हाती धरला नसता. गेलेला माणूस काय मिळवीत होता, हे न्यायालयाने अवश्य विचारावे. त्याच्याही आधी, उरलेली माणसे येत्या हंगामात काय करणार आहेत, हे विचारले जावे; आणि त्याचे उत्तर हंगामापूर्वी दिले जावे.